दारू आतला माणूस बाहेर काढते का?



मागच्या दोन व्याख्यानांत आपण इच्छास्वातंत्र्याच्या कल्पनेचा इतिहास पाहिला. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. दारूच्या अमलाखाली माणूस जे करतो, ते नेमकं कोण करतं? तो, की दारू? आज आम्ही त्या प्रश्नाच्या थोडा अलीकडचा प्रश्न घेणार आहोत. एकाच बाटलीतली चौघांनी घेतली, तर एक गाऊ लागतो, एक रडतो, एक जुनं भांडण उकरून काढतो आणि चौथा मुकाट्याने कोपऱ्यात जाऊन झोपतो. असं का होतं?

याचं उत्तर आपल्यापैकी बहुतेकांकडे तयार असतं. दारू कुणाला बदलत नाही, ती फक्त आतला माणूस बाहेर काढते. ऐकायला हे फार पटतं. लॅटिनमध्येही याच अर्थाची म्हण आहे, मद्यात सत्य असतं अशी. पण या उत्तराला इतिहास आहे, आणि तो इतिहास वाटतो तितका निरागस नाही. कारण ‘आतलं बाहेर येतं’ असं एकदा म्हटलं, की प्यायल्यावर हात उगारणारा मुळातच हिंसक ठरतो, आणि पुढे जाऊन एखादा अख्खा समाजच मुळात बेताल आहे असंही म्हणता येतं. तसं म्हटलं गेलेलं आहे. तिकडे आपण येऊच.

सुरुवात ग्रीकांपासून करू. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ या संवादात जमलेली मंडळी आदल्या रात्रीच्या पिण्याने हैराण झालेली आहेत. एरिक्सिमाकस नावाचा वैद्य त्यांच्यात आहे. आज कुणी कुणाला आग्रह करायचा नाही, ज्याला जेवढी झेपेल तेवढी त्याने घ्यावी, असं ठरतं. आणि तिथेच हा वैद्य सांगतो की सॉक्रेटिसला या हिशेबात धरू नका, त्याला प्यायला दिली काय आणि नाही दिली काय, सारखंच. पुढे अल्किबायडीस स्वतः झिंगलेल्या अवस्थेत येतो आणि सांगतो, सॉक्रेटिसला नशा चढलेली कुणी कधी पाहिलेली नाही. पहाटेपर्यंत एकेक जण आडवा होतो. सॉक्रेटिस मात्र दोन नाटककारांशी वाद घालत बसलेला असतो, आणि तेही पेंगू लागल्यावर उठून आपल्या रोजच्या कामाला निघून जातो. प्लेटोला इथे काय दाखवायचं आहे हे उघड आहे. ज्याचा आत्मा ताब्यात आहे, त्याला मद्य हलवू शकत नाही. थोडक्यात, दारू पचवणं ही नैतिक थोरवीची खूण झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, आम्हाला ती शेवटाकडे पुन्हा लागणार आहे.

म्हातारपणी लिहिलेल्या ‘लॉज’मध्ये प्लेटो आणखी पुढे जातो. तिथे अथेन्सचा एक पाहुणा क्रीटच्या आणि स्पार्टाच्या माणसांशी बोलतो आहे. स्पार्टात असली पानगोष्ठी चालत नाही, याचा त्या स्पार्टनला अभिमान आहे. अथेन्सवाला म्हणतो, अहो, माणसाची पारख करायची तर यापेक्षा स्वस्त आणि कमी धोक्याचा उपाय कुठला? एखाद्याशी व्यवहार करून, फसून, मग त्याचा स्वभाव कळण्यापेक्षा त्याला देखरेखीखाली प्यायला द्यावं आणि बघावं. त्याने वयाचाही नियम घातला. अठरा वर्षांपर्यंत मद्याला स्पर्श नको, तिशीपर्यंत बेताने, आणि चाळिशी उलटली की मोकळीक, कारण तोवर मन कडक होत जातं आणि त्याला मऊ करायला काहीतरी हवं. आमच्या महाराष्ट्र सरकारनेही बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ अशी वयं ठरवली आहेत, पण त्यामागे मन मऊ करण्याचा विचार असावा असं काही वाटत नाही!

तर मद्य म्हणजे कसोटी. आत जे आहे तेच दिसतं. आता गंमत बघा. ॲरिस्टॉटलच्या नावावर ‘प्रॉब्लेमाटा’ नावाचा प्रश्नांचा एक संग्रह आहे. तो त्याच्या परंपरेतल्या लोकांनी रचला असं मानतात. त्याच्या तिसाव्या भागातला पहिला प्रश्न प्रसिद्ध आहे, प्रतिभावंत माणसं विषण्ण प्रकृतीची का असतात. हे समजावताना लेखक मद्याचं उदाहरण घेतो. एकच माणूस, थोडी घेतली की बोलका होतो, आणखी घेतली की धीट, मग आक्रमक, मग वेडसर आणि शेवटी गलितगात्र. म्हणजे मद्य एकाच माणसाला क्रमाक्रमाने अनेक स्वभाव देतं. आणि निसर्ग जे काही माणसांना जन्मभरासाठी देतो, तेच मद्य दुसऱ्यांना घटकाभरासाठी देतं. हा विचार प्लेटोच्या कसोटीच्या अगदी उलट आहे. इथे मद्य आतलं उघड करत नाही, जे नव्हतं ते घडवतं. शरीरातली उष्णता आणि वायू बदलले की स्वभाव बदलतो, असं त्याचं म्हणणं. शास्त्र जुनं आहे, पण प्रश्न विचारण्याची पद्धत आम्हाला प्लेटोपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययाचा म्हणजे मद्याने होणाऱ्या विकारांचा चोविसावा अध्याय आहे. त्यात अग्नी जसा सोन्याचा कस दाखवतो, तसं मद्य माणसाची प्रकृती दाखवतं, अशी उपमा आहे. म्हणजे ‘आतलं बाहेर’ हा विचार इथेही आलाच. पण चरक तिथे थांबत नाही. तो वैद्य आहे, त्याला रुग्ण बघायचा आहे. तो म्हणतो, मद्य घेण्याआधी अन्न, पान, वय, व्याधी, बळ आणि काळ या सहांचे प्रत्येकी तीन प्रकार ध्यानात घ्या, मग तीन दोष बघा आणि तीन प्रकारचं सत्त्व म्हणजे मन बघा. चौकशीची केवढी मोठी यादी झाली! पोट रिकामं होतं का, दिवस कुठल्या ऋतूचे होते, माणूस आजारातून उठलेला होता का, पेय कसलं होतं. शिवाय प्यायला बसताना जागा कशी असावी आणि सोबत कुणाची असावी यावरही त्याने लिहिलं आहे. ‘अमुक असा का वागला’ या प्रश्नाला ‘कारण तो तसाच आहे’ एवढ्यावर तो सोडत नाही. त्यानंतर पंधराशेहून अधिक वर्षं गेली, पण या यादीत भर घालण्याऐवजी माणसांनी ती बहुधा कमीच केली.

आता या विचाराचं पुढे काय झालं ते बघू. युरोपीय सत्ता जगभर पसरल्या, त्यांच्याबरोबर ऊर्ध्वपातनाची कडक दारू गेली, आणि व्यक्तीच्या स्वभावाबद्दलचा प्रश्न समूहाच्या स्वभावाबद्दलचा झाला. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल एक समजूत पक्की झाली की यांच्या रक्तातच असं काही आहे, की एक घोट घेतला की यांचा ताबा सुटतो. १८३२ साली अमेरिकन संसदेने त्यांच्या मुलखात दारू नेण्यावर बंदी घातली. ती देशपातळीवरची बंदी उठायला १९५३ उजाडावं लागलं. म्हणजे गोऱ्यांसाठीची दारूबंदी आली आणि गेली, आणि यांच्यावरची तशीच राहिली. इथे हेही सांगायला हवं, की स्वतः मूळ रहिवाशांच्या काही पुढाऱ्यांनी असे कायदे मागितले होते, कारण व्यापारी दारू पाजून कातडी आणि जमिनी लुबाडत होते. पण दारू कशासाठी पाजली जाते हा प्रश्न बाजूला पडला आणि यांना ती का चढते हा प्रश्न पुढे आला.

विसाव्या शतकात या समजुतीची प्रयोगशाळेत तपासणी झाली. १९७१ मध्ये कॅनडात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूळ रहिवाशांच्या शरीरातून अल्कोहोल सावकाश उतरतं, असा त्याचा निष्कर्ष होता. पण तपासलेल्यांपैकी बरेच जण इस्पितळातले रुग्ण होते, आणि आजारी माणसाची तुलना धडधाकट माणसाशी कशी करणार? १९७६ मध्ये बेनियन आणि ली या संशोधकांनी मूळ रहिवासी आणि गोरे अशा दोन्ही गटांना काळजीपूर्वक तपासलं. अल्कोहोल उतरण्याच्या वेगात त्यांना फरक सापडला नाही. समजूत मात्र अजून गेलेली नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या ठाणे जिल्ह्यात या. इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि त्यांचं ऐकून आपल्या सुशिक्षितांच्याही बोलण्यात ‘आदिवासी म्हणजे जन्माचा पिणारा’ हे ठरलेलं असे. त्याच सरकारने १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क गावाकडून काढून मोठ्या भट्ट्यांच्या आणि मक्तेदारांच्या हाती दिला, आणि १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही नियंत्रण आणलं. म्हणजे घरची मोहाची दारू गुन्हा झाली आणि गुत्त्यावरची विकत घेणं हा महसूल झाला. मग १९२२ मध्ये एक नवल घडलं. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी लोकांत देवीच्या रोगाच्या शांतीसाठी सुरू झालेला एक विधी डोंगरपट्टीतून पसरत दक्षिण गुजरातेत पोचला. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी सांगू लागली, दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, अंघोळ करा, गुत्तेवाल्याच्या आणि सावकाराच्या कामाला जाऊ नका. आणि गावंच्या गावं दारू सोडू लागली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या देवी चळवळीवर १९८७ मध्ये एक पुस्तक लिहिलं, ते जरूर वाचा. सगळ्यांची दारू कायमची सुटली असं नाही. पण ज्यांच्या ‘रक्तात’ दारू आहे असं सांगितलं जात होतं, त्यांनी ती काही महिन्यांत एका शब्दावर खाली ठेवली. रक्ताचा सिद्धान्त एवढ्याने कोसळायला हवा होता.

रक्त नाही, मग काय? १९५० च्या दशकात ड्वाइट हीथ हा मानवशास्त्रज्ञ पूर्व बोलिव्हियात कांबा लोकांमध्ये राहिला. हे लोक उसापासून केलेली जी दारू पीत, तिचा नमुना तपासला तेव्हा त्यात ८९ टक्के अल्कोहोल निघालं. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के असतं, यावरून कल्पना करा. घसा भाजत असे, ते स्वतःच तसं सांगत. शनिवार-रविवारी, सणावाराला ते गोल करून बसत आणि एकच पेला ठरलेल्या रीतीने फिरत असे. माणसं पार बेशुद्ध पडेपर्यंत पीत. आणि हीथने नोंदवलं की मारामारी नाही, शिवीगाळ नाही, बायकांवर हात टाकणं नाही, एकट्याने पिणं नाही. एवढी कडक दारू त्यांच्या आतून काहीच कसं ‘बाहेर काढत’ नव्हती?

१९६९ मध्ये क्रेग मॅकॲन्ड्र्यू आणि रॉबर्ट एजर्टन या दोघांनी अशा अनेक नोंदी एकत्र करून एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. चालताना तोल जाणं, जीभ जड होणं हे शरीराचं काम, ते सगळीकडे सारखं. पण प्यायल्यावर वागायचं कसं हे माणूस आपल्या समाजाकडून शिकतो. समाज पिणाऱ्याला थोडी सूट देतो, नियमांतून घटकाभर सुट्टी म्हणा ना. पण त्या सुट्टीलाही कुंपण असतं, आणि प्यालेल्या माणसाला ते कुंपण बरोबर दिसतं.

हे पटायला आपल्याला बोलिव्हियात जायला नको. गुत्त्यातून निघालेला माणूस रस्त्यातल्या फौजदाराला नमस्कार करतो, मालकाच्या दारावरून मान खाली घालून जातो, आणि घरी पोचल्यावर बायकोवर हात उचलतो. शुद्ध हरपली होती म्हणता, मग ती नेमकी उंबरठ्याच्या आतच कशी हरपते? आपल्या खेड्यांतल्या बायकांना हे कुठलंही पुस्तक न वाचता कळलं होतं. ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानात दुकानं बंद करायला रांगा लावणाऱ्या बायका दारू दुष्ट आहे एवढंच म्हणत नव्हत्या. नवऱ्याला मिळणारी ती सूट त्यांना रद्द करायची होती, असं आम्ही समजतो.

अपेक्षेचा जोर किती असतो हे दाखवणारा एक प्रयोग ॲलन मार्लट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. व्यसनी आणि बिनव्यसनी अशा माणसांना त्यांनी पेयाची चव घेऊन मत सांगायला बसवलं. काहींना सांगितलं की यात व्होडका आहे, काहींना सांगितलं नुसतं टॉनिक वॉटर आहे. खरं काय होतं ते सांगितलेल्यावर अवलंबून नव्हतं. म्हणजे नुसत्या टॉनिकला व्होडका समजून पिणारे होते आणि व्होडकेला टॉनिक समजून पिणारेही. कोण जास्त प्यायलं? ज्यांना ‘व्होडका आहे’ असं सांगितलं होतं ते. पेल्यात प्रत्यक्ष काय आहे याने व्यसनी माणसांतही तसा फरक पडला नाही. एक घोट पोटात गेला की ताबा सुटणारच, या जुन्या समजुतीला हा मोठा धक्का होता.

इथवर येऊन कुणी म्हणेल, चला, म्हणजे सगळा मनाचा खेळ. तसं नाही. आणि यासाठी जपानकडे बघावं लागतं.

पूर्व आशियातल्या पुष्कळ लोकांचा चेहरा थोड्याशा बिअरनेही लाल होतो, छाती धडधडते, डोकं दुखतं. १९७२ मध्ये पीटर वुल्फ या संशोधकाने जपान, तैवान, कोरिया इथले लोक आणि अमेरिकेतले गोरे यांची तुलना केली. प्रौढांचा फरक सवयीचा किंवा आहाराचा असू शकतो, म्हणून त्याने तान्ह्या मुलांनाही साखरेच्या पाण्यातून किंचित वाइन दिली. आज अशी परवानगी मिळणार नाही, मिळूही नये. पण मुलांच्या गालांवरही तोच फरक दिसला. तान्ह्या बाळाला कसली अपेक्षा आणि कसली संस्कृती?

कारण पुढच्या काही वर्षांत उलगडलं. यकृतात अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. हा त्रासदायक, विषारी पदार्थ. मग दुसरं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. या दुसऱ्या विकराच्या जनुकात एका अक्षराचा बदल असेल तर ते जवळजवळ काम करत नाही, आणि विष साचतं. पूर्व आशियातल्या सुमारे तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांत हा बदल आहे, भारतात तो क्वचितच सापडतो. लाल चेहरा म्हणजे लाजाळूपणा नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे, ते रसायन आहे. अशा माणसाने नेटाने पिणं चालू ठेवलं तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो, म्हणून ही माहिती नुसती मौजेची नाही.

यातली एक उपकथा आम्हाला फार आवडते. १९३७ मध्ये एका अमेरिकन कारखान्याच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की रबराच्या प्रक्रियेतली काही रसायनं हाताळणाऱ्या कामगारांना बिअर सोसेनाशी झाली आहे. दहाएक वर्षांनी डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे त्याच जातीचं एक औषध जंतांवर चालतं का बघत होते. ते त्यांनी स्वतः घेतलं, नंतर कुठे तरी मद्य घेतलं आणि हैराण झाले. तेच डायसल्फिराम, अँटाब्यूज नावाने पुढे व्यसनमुक्तीसाठी वापरलं गेलं. ते त्याच दुसऱ्या विकराला रोखतं. म्हणजे काही लोकांना निसर्गाने जन्मभरासाठी जे दिलं, ते गोळी दुसऱ्याला काही दिवसांसाठी देते. ‘प्रॉब्लेमाटा’च्या लेखकाला हे ऐकून बरं वाटलं असतं!

मग जनुकाने प्रश्न मिटला का? १९९४ मध्ये हिगुची आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या व्यसनी रुग्णांची आकडेवारी दिली. या बदललेल्या जनुकाची एक प्रत असणारे, म्हणजे ज्यांना दारूचा त्रास होतो असे लोक, १९७९ मध्ये व्यसनी रुग्णांत २.५ टक्के होते. १९८६ मध्ये ते ८ टक्के झाले, १९९२ मध्ये १३ टक्के. तेरा वर्षांत एखाद्या देशाचं जनुक बदलत नाही. या काळात जपान श्रीमंत झाला होता आणि कचेरी सुटल्यावर साहेबाबरोबर प्यायला जाणं नोकरीचाच भाग बनलं होतं. ज्याचं शरीर ‘नको’ म्हणत होतं, त्यालाही ‘नको’ म्हणणं अवघड झालं असणार. चरकाच्या यादीत शरीर होतं आणि सोबतही होती, हे इथे आठवतं.

शरीराचे आणखी साधे फरक आहेत, ते भराभर सांगतो. स्वीडनच्या एरिक विडमार्क याने १९३२ मध्ये रक्तातल्या अल्कोहोलचं गणित मांडलं. अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं. बायकांच्या शरीरात वजनाच्या मानाने पाणी कमी असतं, म्हणून त्याच वजनाच्या बाईला तेवढ्याच दारूने जास्त चढते. यात धैर्याचा किंवा सवयीचा प्रश्न नाही. भरल्या पोटी सावकाश चढते हे तर चखण्याची बशी मागवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

आता सॉक्रेटिसकडे परत येऊ. दारू पचवणाऱ्याचं कौतुक आपल्याकडेही कमी नाही. ‘खंबा रिचवला तरी पठ्ठ्या सरळ चालतो’ असं अभिमानाने सांगतात. मार्क शकिट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून विशीतल्या तरुणांना मोजून अल्कोहोल दिलं आणि त्यांच्यावर किती परिणाम होतो हे टिपलं. त्यांतले अनेक जण व्यसनी बापांची मुलं होती. दहाएक वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. व्यसनी बापांच्या मुलांपैकी ज्यांना तेव्हा कमी चढली होती, त्यांच्यातले ५६ टक्के दरम्यान व्यसनी झाले होते. ज्यांना जास्त चढली होती, त्यांच्यातले १४ टक्के. म्हणजे ज्याला आपण मजबूत समजतो तोच जास्त धोक्यात असतो, कारण ‘पुरे’ अशी सूचना त्याच्या शरीराकडून वेळेवर येत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त, १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात, तळीराम आणि सुधाकर यांच्या हातात तोच प्याला असतो. आपण वर्षानुवर्षं सुधाकराच्या पडझडीची कारणं त्याच्या मानी स्वभावात शोधत आलो. नाटक म्हणून ते योग्यच आहे. पण तुमच्या ओळखीतल्या एखाद्या सुधाकराबद्दल बोलताना एवढ्यावर भागत नाही. त्याचा बाप कोण होता आणि पहिल्या प्याल्याने त्याला किती कमी चढली, हेही विचारायला हवं.

राहिला न्याय. कारण फरक कशाने पडतो हे कळेपर्यंत न्यायाधीश थांबू शकत नाहीत. मितिलिनीचा राज्यकर्ता पिट्टाकस याने प्यालेल्या गुन्हेगाराला दुप्पट शिक्षा ठेवली होती, आणि ॲरिस्टॉटलने त्याचा उल्लेख केला आहे. न पिणं त्याच्या हातात होतं, असा तो तर्क. १८६० च्या आपल्या दंडसंहितेने मधला रस्ता काढला. कलम ८५ प्रमाणे, नकळत किंवा इच्छेविरुद्ध पाजली गेली आणि आपण काय करतो हेच कळेना, तर गुन्हा नाही. कलम ८६ प्रमाणे, स्वतःहून प्यायला असेल तर त्याला शुद्धीवरच्या माणसाइतकं ज्ञान होतं असंच धरायचं. आताच्या भारतीय न्याय संहितेत ही २३ आणि २४ क्रमांकाची कलमं आहेत. कुणाला किती चढते, कुणाचं विकर कसं, याला कायद्यात जागा नाही.

या कलमावरचा बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९५६ चा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. मार्च १९५४ मधली घटना. सैन्यातून निवृत्त झालेला एक जमादार लग्नाला गेला होता. दुपारच्या जेवणाला मंडळी वधूच्या घरी जमली. नीट बसता यावं म्हणून त्याने पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला जरा सरकायला सांगितलं. मुलगा सरकला नाही. जमादाराने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. वैर नव्हतं, कसलाही हेतू नव्हता. तो प्यायलेला होता.

आता सांगा, त्याच्या आतून काय बाहेर आलं? सैन्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या आत एका पोराबद्दल कुठला द्वेष दडलेला होता? १९९० मध्ये स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली, मद्याने येणाऱ्या अदूरदृष्टीची. प्यायलेल्याचं लक्ष आखडतं. डोळ्यांसमोर जे असेल तेवढंच मोठं दिसतं, उद्याचं आणि पलीकडचं पुसट होतं. समोर गाणारे असतील तर तो गातो, समोर दुखरी आठवण असेल तर रडतो. महाभारतातल्या मौसलपर्वात प्रभासतीर्थावर यादव प्यायला बसतात, सात्यकी कृतवर्म्याला कुरुक्षेत्रावरचं जुनं पाप काढून डिवचतो, आणि त्या एका टोमण्यापुढे सगळं कुळ दिसेनासं होतं. जमादारासमोर त्या क्षणी एक जागा होती आणि न सरकणारा मुलगा होता. आणि कमरेला पिस्तूल होतं, हे विसरून चालणार नाही. प्रत्येक प्यालेल्याच्या कमरेला ते नसतं.

न्यायालयाने त्याची बाजू मान्य केली नाही. तो अधूनमधून झोकांड्या खात होता, पण स्वतःच्या पायांनी हिंडत होता आणि सुसंगत बोलत होता, बसायला जागाही त्याने स्वतःच निवडली होती. खुनाची शिक्षा म्हणून जन्मठेप कायम झाली. फाशी टळली, ती खालच्या न्यायालयाने हेतूचा अभाव आणि दारूचा अंमल लक्षात घेतला म्हणून.

निकालपत्रात एक तपशील आहे. गोळी झाडल्यावर त्याने पळायचा प्रयत्न केला, त्याला पकडलं, आणि आपण काय केलं हे लक्षात आल्यावर त्याने माफी मागितली. ‘मी केलं’ असं तो म्हणाला नाही. निकालपत्राच्या इंग्रजीतही ते शब्द अवघडूनच उतरले आहेत, हे आपल्याकडून घडलं, अशा अर्थाचे. मराठीत आपण सहज म्हणतो, माझ्या हातून झालं. कर्ता आहे, आणि नाहीही. आपलं व्याकरण दोन्हीला जागा देतं. न्यायालयाला मात्र त्या दिवशी एकच पर्याय निवडायचा होता, आणि त्याने ‘केलं’ हे क्रियापद निवडलं.

वेळ झाली आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.